अकराव्या नियमावरचं कॅलेंडर

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून मी नोकरदार बाई. वय एकाहत्तर, शिक्षण तिसरी, तीही अर्धीच. परीक्षेच्या आधी मला गोवर आला, बरी झाले तोवर सुट्टी लागली होती, ती सुट्टी अजून चालूच आहे. आज मालकांनी स्वतःच्या हातानं मला गळ्यात अडकवायचं कार्ड दिलं. त्यावर माझा फोटो आहे. फोटोत मी कुणावर तरी भडकलेली दिसते. भडकले नव्हते, फोटोवाला म्हणाला हसू नका.

वह्यापण दोन मिळाल्या. एक कामाच्या नोंदीची, दुसरी पहिली भरली तर. पहिली भरायला वर्ष जाईल, तोवर दुसरी कशाला उपाशी ठेवायची? गुंडी म्हणाली, "आजी, दिवसभर जे बोलतेस ते हिच्यात लिही. आमचे कान जरा मोकळे होतील." गुंडी म्हणजे माझी नात. जन्मली तेव्हा शर्टाच्या गुंडीएवढी होती. आता चोवीसची आहे आणि दारातून वाकून आत येते, पण नाव तेच राहिलं.

कारखाना आहे काडतुसांचा. लढाईची नव्हेत हो. खेळातली, पॉइंट टू-टूची, करंगळीच्या पेराएवढी. कागदावर गोल काढून त्याला नेम धरतात ना, त्यातली. माझा लेक इथे गोळ्या आखतो. म्हणजे गोळीचं नाक कसं, बूड कसं, वजन किती, हे तो ठरवतो. अठरा वर्षं झाली. कारखान्याच्या आवारातच आमचं क्वार्टर. स्वयंपाकघराच्या चौकटीवर गुंडीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, एकीवर एक, पंधरा तरी असतील.

मला काम दिलंय काठ मापायचं. त्याचं उद्या. आता पाय दुखतायत, खुर्ची फार उंच आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

काठ मापायचं म्हणजे काय ते लिहून ठेवते, म्हणजे मलापण पक्कं होईल.

मोठ्या काडतुसाला बुडाच्या मधोमध एक टोपी असते, तिच्यावर टोचा बसला की बार उडतो. आमच्या छोट्याला टोपीबिपी नाही. त्याचा पेटणारा मसाला बुडाच्या काठातच भरलेला, पुरीच्या... नको, खाण्याची उदाहरणं दिली की भूक लागते. तर टोचा काठावरच बसतो. काठ एकाचा जाड आणि दुसऱ्याचा बारीक असला, तर एकाला फटका जोरात आणि दुसऱ्याला हळू. मग गोळ्या एका जागी लागत नाहीत. म्हणून एकसारख्या काठाची काडतुसं निवडून ट्रेमध्ये लावायची, नाक खाली, बूड वर. घड्याळासारखा काटा असलेलं एक माप आहे, त्यात काडतूस घातलं की काटा सांगतो. सोप्पं आहे. मी आयुष्यभर धान्यातले खडे निवडले, त्यांना तर काटापण नव्हता.

भिंतीवर नियमांचा फळा आहे. सतरा नियम. अक्षर बारीक, माझा चष्मा जुना. रोज एक वाचायचा असं ठरवलं. पहिला: 'कामाच्या जागी विडी-सिगारेट ओढू नये.' मी नाहीच ओढत. एक नियम तर झालासुद्धा.

आणि खोली अगदी उघडीबोडकी होती, म्हणून घरून कॅलेंडर आणून लावलं. खिळा एकच होता, फळ्याच्याच मध्यावर. कॅलेंडर जरा लांब आहे, खालचे काही नियम त्याच्याआड गेले. पण डोंगराचं चित्र आहे, खोलीला शोभा आली.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज मला कळलं की मी इथे का आहे.

बोलता बोलता लेकानं सांगितलं. मालक नवीन काडतूस काढणार आहेत, त्याच्या चाचणीची काडतुसं निवडायलाच मला घेतलंय. गोळ्या दोन आखल्यात, साचा मात्र एकच बनणार. एक गोळी आमच्या बाळाची. (पन्नाशीला आलाय, पण मी बाळच म्हणते.) दुसरी बगळ्याची. बगळा म्हणजे सहा महिन्यांपूर्वी आलेला दुसरा आखणारा. मान अशी लांब, की बोलताना आधी मान येते, मग माणूस. शेडच्या वरच्या खोलीत एकटा राहतो.

तीन चाचण्या होणार, तिसरी पक्की. जो हरेल त्यानं जागा सोडायची. "म्हणजे काय सोडायची?" मी विचारलं. सूनबाई नर्स आहे, ती फिरवून बोलत नाही. म्हणाली, "आई, जागा म्हणजे नोकरी, आणि नोकरीबरोबर हे घर."

चौकट काही सोबत नेता येत नाही.

मी बाळाला विचारलं, तुझ्या गोळीत विशेष काय? तो खुलला. म्हणाला, "बगळ्याची गोळी हलकी, नाकात खळगा, सुसाट. आवाजाच्याही पुढे धावते. पण पुढे गेल्यावर दमते, आवाजाच्या वेगावर उतरते, तेव्हा तिला धक्का बसतो आणि ती डळमळते. माझी गोळी गोल नाकाची, जड. ती सुरुवातीपासून आवाजाच्या मागूनच चालते. धक्का नाही, डळमळ नाही."

मला पटली. आपल्यापेक्षा मोठ्याच्या पुढे न जाणारी गोळी. चांगल्या वळणाची आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

चाचणीची काडतुसं आली. दोघांची दोनशे दोनशे. त्यातली पन्नास पन्नास चांगल्या काठाची निवडायची. घरात पाय पसरून धान्य निवडणं नाही हे, पाठ धरते. पण सांगायचं ते वेगळंच.

काडतुसं घाण आहेत! पुढचं शिसं बुळबुळीत, चिकट, बोटाला लागतं आणि मग मापाला लागतं. माणसं एवढी हुशार, गणितं करतात, मिलिमीटरचे शंभर भाग करतात आणि साधं पुसून द्यायचं कुणाला सुचत नाही. कारखान्यातल्या पुरुषांचं हे असंच. मी माझ्या जुन्या मलमलीच्या ओढणीचा तुकडा काढला आणि बाळाची पन्नासच्या पन्नास एक एक करून अशी पुसली, की शिसं चांदीसारखं लखलखलं. ट्रेमध्ये नाक खाली असतं, त्यामुळे ते सौंदर्य कुणाला दिसणार नाही. पण मला माहीत आहे ना.

बगळ्याची? मापली, लावली, बस्स. त्याची आई आहे का इथे पुसायला?

नियम चौथा: 'काडतुसे उन्हात ठेवू नयेत.' ठेवली नाहीत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली चाचणी. काय सांगू.

आवारात एक लांबच लांब बोगदा आहे, पन्नास मीटरचा, एका टोकाला कागद. दोघांच्या दोन सारख्या बंदुका, लोखंडी शिकंज्यात घट्ट आवळलेल्या, म्हणजे माणसाच्या हाताचं निमित्त नको. गुंडी हातमोजे घालून काडतुसं भरते आणि चाप ओढते, तेच तिचं काम. दहा दहा गोळ्यांचा एक कागद. भोकं जितकी जवळ जवळ तितकं चांगलं. त्या भोकांच्या पसाऱ्याला हे लोक ग्रुप म्हणतात.

बगळ्याचा ग्रुप एकवीस मिलिमीटर. आमच्या बाळाचा अडतीस! कागद असा, जणू कुणीतरी मुठीनं डाळ फेकलीय.

बंदुकीची नळी उघडून बघितली तर आत शिसं चढलेलं, पापुद्र्यासारखं. गुंडी म्हणाली, "बाबा, मेण लावलं होतं ना गोळ्यांना? हे बिनमेणाच्या गोळीसारखं झालंय."

बाळ म्हणाला, "मी स्वतः लावलं, गुंडे. दोनदा लावलं."

बगळा मान पुढे काढून म्हणाला, "होतं असं कधी कधी." मला इतका राग आला. होतं म्हणे!

मेणाचं काय एवढं? मला सांगितलं असतं तर घरातल्या चार मेणबत्त्या आणून दिल्या असत्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बाळ जेवला नाही. म्हणतो, शिसं मऊ पडलं असणार, त्यात दुसरा धातू मिसळून जरा कडक करायला हवं. कागदावर आकडे मांडत बसलाय. मी म्हटलं, "बाळा, माझ्याकडून काही कसूर नाही हो." तो हसला. "आई, तुझ्याच ट्रेवर माझा भरवसा आहे."

पुढच्या वेळी अजून जीव लावून पुसेन.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुसऱ्या खेपेची काडतुसं. बाळानं शिसं कडक केलंय. मी आता कोमट पाण्यात फडकं जरासं ओलसर करून पुसते आणि मग कोरड्यानं. कण राहू दिला नाही. चाळीस झाली आणि सूनबाईची मैत्रीण आली. तिला जागा लागते फक्त बसायला, उठायला नाही. तिच्या नणदेचं लग्न, नणदेच्या सासूचा गुडघा, गुडघ्याच्या डॉक्टरांचा कुत्रा. पाच वाजले. गुंडी ट्रे न्यायला आली. शेवटची दहा पुसायची राहूनच गेली.

माझ्याकडून आळस झाला हे खरं. मी कुणाला सांगितलं नाही. दहा तर आहेत.

बगळ्याची पन्नास नेहमीसारखी. मापली आणि लावली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते कुणालाच कळलं नाही, मलापण नाही.

बगळा: वीस, बावीस, एकोणीस, तेवीस, वीस.

बाळ: एकेचाळीस, छत्तीस, चव्वेचाळीस, एकोणचाळीस आणि पाचवा कागद अकरा! अकरा मिलिमीटर! दहाच्या दहा गोळ्या एकाच भोकातून गेल्यासारख्या. गुंडीनं तीनदा मोजलं. मालक खुर्चीतून उठले. बगळ्याची मान आखडली.

"हा कागद कुठल्या काडतुसांचा?" मालकांनी विचारलं.

"ट्रेच्या शेवटच्या ओळीतली," गुंडी म्हणाली.

शेवटची ओळ! न पुसलेली ती दहा. देवाची दया म्हणायची, माझ्या आळसाचा सूड त्यांनी उगवला नाही. उलट पुसलेल्यांनीच घोटाळा केला. नशीब असं आंधळं असतं, ज्यांची सेवा केली त्यांनी तोंडघशी पाडलं आणि टाकून दिलेल्यांनी लाज राखली.

मालक म्हणाले, "एका ग्रुपवर साचा बनत नाही. सहा मार्चला शेवटची चाचणी. आधीच्या दोन शिकण्यासाठी होत्या असं समजू."

२३ फेब्रुवारी, रविवार

बाळानं शोध लावलाय. ट्रेची शेवटची ओळ म्हणजे ओतणीची शेवटची काडतुसं, असं तो धरून चाललाय. शेवटी भट्टी निवत आली होती, शिसं जरा थंड होतं, म्हणून ती दहा चांगली झाली. सगळं त्या थंड शिशात आहे म्हणे! चार वह्या भरल्या. मालकांपुढे फळ्यावर खडूनं लिहून दाखवलं, मालकांनी मान डोलावली, बगळ्यानंसुद्धा लिहून घेतलं. ओतणारा मिस्त्री एकटाच पुटपुटला, "शिसं थंड असलं काय आणि गरम असलं काय, साच्यात गेल्यावर सारखंच." त्याचं कोण ऐकतं. तो चौथी पास.

मला अभिमान वाटला. पण सांगावंसंही वाटलं की बाबा रे, ट्रेमध्ये मी काडतुसं काठावरून लावते, ओतणीच्या क्रमानं नाही. बोलले नाही. मोठ्या लोकांच्या विज्ञानात मी कुठे पाय घालू.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सूनबाईनं खोकी गोळा करायला सुरुवात केलीय. बाळ बघून न बघितल्यासारखं करतो. जेवताना म्हणाला, "आई, माझी पहिली आखणीच चुकलेली असेल का गं? चार वर्षं उगाच एका गोळीमागे घालवली का?"

मी म्हटलं, "तुझा बाप अकरा वर्षं एकाच रेडिओमागे होता." तेवढ्यापुरता हसला.

मी स्वयंपाकघरात चौकट पुसली. खुणा पुसल्या जाणार नाहीत इतक्या हळू.

३ मार्च, सोमवार

आज माझ्या हातून पाप होत होतं, ते मला दिसलं.

झालं असं. दुपारी बगळा माझ्या खोलीत आला. हातात लाकडी पाट होता. म्हणाला, "आजी, तुमची खुर्ची उंच आहे, पाय लटकतात. हा पायाखाली घ्या." स्वतः रंधा मारून आणला होता, कडा गोल केलेल्या. मी चहा दिला. पीत पीत म्हणाला, "माझी आजी पण अशीच वाकून निवडायची. आम्ही तिला बोलवायचो तर ऐकूच यायचं नाही, एवढी गुंग." मग म्हणाला, "हरलो तर मला कुठे जायचं तेपण ठरलेलं नाही. तुमच्या घरात निदान तिघं आहेत बोलायला."

तो गेला. पाय पाटावर ठेवले. बरं वाटलं, आणि इतकी लाज वाटली की सांगायची सोय नाही. महिनाभर मी त्या पोराच्या काडतुसांना एकदा फडकं लावलं नाही. एकाच टेबलावर दोन ट्रे, आणि मी डावं-उजवं केलं. आपला तो आपला आणि बगळा तो बगळा. असं वागून आपल्या लेकाला यश हवंय?

ठरवलं. शेवटच्या चाचणीला आधी त्याची पुसायची. पन्नासच्या पन्नास. ओल्यानं, मग कोरड्यानं. मग बाळाची.

५ मार्च, बुधवार

बगळ्याची पन्नास झाली. अशी लखलखली म्हणून सांगू. फडकं पार काळंकुट्ट झालं. धुऊन दोरीवर टाकलं, सुकलं की बाळाची घ्यायची. आणि तेवढ्यात गुंडी धावत आली. "आजी, चाचणी आजच दुपारी. मालकांना उद्या बाहेर जायचंय. ट्रे दे!"

"अगं थांब, अर्धा तास!"

"अर्धा मिनिट नाही. मापून झालीत ना?"

"मापून झालीत, पण..."

"मग झालं तर." गेली घेऊन.

मी तिथेच बसले पाटावर पाय ठेवून. परक्याची पुसली आणि पोटच्याची राहिली. एकही नाही. आता जे होईल ते माझ्या डोक्यावर.

संध्याकाळी लिहितेय.

बगळा: सत्तेचाळीस, बावन्न, एकोणपन्नास, मग गुंडीनं मोजायचं सोडलं. नळीत शिसंच शिसं.

आमचा बाळ: बारा, अकरा, बारा, तेरा, अकरा!

मालकांनी बाळाच्या पाठीवर थाप मारली. "थंड शिसं! खरं ठरलं तुमचं!" ओतणारा मिस्त्री नुसता छताकडे बघत राहिला. मला कळलं ते एवढंच. मी एकदा मनापासून निष्पक्ष वागले, परक्याला आधी दिलं आणि देवानं ते पाहिलं. वरून सगळं दिसतं. बगळ्याचं तोंड मात्र बघवेना. तो कागद हातात घेऊन म्हणाला, "पण हे असं कसं? असं तर कधीच नव्हतं." मला रडू आलं. एवढी सेवा केली तरी त्या बिचाऱ्याला लाभली नाही.

६ मार्च, गुरुवार

गुंडी सकाळी माझ्या खोलीत आली, नुसती उभी. म्हणाली, "आजी, बगळ्याच्या नळीत काल जसं शिसं चढलं, तसंच बाबांच्या नळीत आधी दोनदा चढलं होतं. अगदी तसंच. विचित्र नाही?"

"असेल बाई."

मग तिचं लक्ष दोरीकडे गेलं. फडकं कितीही धुतलं तरी करडंच राहिलंय. तिनं बोटांत धरून चोळलं. हुंगलं. "हे काय?"

म्हटलं, आता सांगून टाकावं, नोकरीत माझी हुशारी कुणाला तरी कळू दे. सगळं सांगितलं. घाण कशी होती, कशी पुसली, पहिल्या खेपेला कुणाची, दुसऱ्या खेपेला कुणाची, ती दहा कशी राहिली, काल काय झालं.

गुंडी खाली फरशीवर बसली. आधी वाटलं हिला चक्कर आली. मग कळलं, ती हसतेय. एवढी हसली की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मग ते पाणी जरा वेगळंच झालं, आणि तिनं माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. "थंड शिसं!" एवढंच म्हणत होती, "चार वह्या! थंड शिसं!" मग उठली, माझ्या गालाचा मुका घेतला आणि कॅलेंडर उचलून त्याच्यामागे बघितलं. कॅलेंडर काढून खाली ठेवलं. का कुणास ठाऊक. चांगलं चित्र होतं.

दुपारी बाळ आला. दारातच उभा. म्हणाला, "आई, तू माझी प्रत्येक पुसलीस?"

"प्रत्येक, बाळा. पहिल्यांदा पन्नास, दुसऱ्यांदा चाळीस. दुसऱ्यांदा तर ओल्यानं आणि कोरड्यानंपण."

तो खुर्चीत बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकून. खांदे हलत होते. बराच वेळ. मग हात काढले तर डोळे लाल आणि ओठ हसरे. म्हणाला, "म्हणजे पहिली आखणीच बरोबर होती. पहिलीच, आई."

"मी तेव्हाच म्हटलं होतं की चांगल्या वळणाची आहे."

मला काय माहीत एवढा भरून येईल तो. लेकरं मोठी झाली तरी आईनं केलेल्याची जाण कधीतरी होतेच.

७ मार्च, शुक्रवार

डोकं फिरलंय आमच्या घराचं! जिंकलेला बाळ स्वतः मालकांकडे गेला आणि म्हणाला, परवाची चाचणी रद्द करा, पुन्हा घ्या. पुन्हा! बगळ्यालापण बोलावलं. तिघं तासभर दार लावून बसले, आतून हसण्याचे आवाज आले. मालकांचं एवढं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. बगळा बाहेर आला तो माझ्याकडे बघून हसत होता, ओठ घट्ट मिटून.

मी बाळाला म्हटलं, "जिंकलेला डाव कुणी परत मांडतं का रे? सूनबाईनं खोकी परत कपाटावर टाकलीत. ती आता पुन्हा काढायची?"

तो म्हणाला, "बगळा नीट खेळलाच नाही, आई. त्याच्या गोळीला न्याय मिळाला नाही."

"त्याला तर मी सगळ्यात जास्त न्याय दिला!"

"हो," तो म्हणाला. "तेच."

भांडी आपटली मी. प्रामाणिक मुलगा वाढवायचा म्हणजे असं गळ्याशी येतं. हरला तर चौकटीवरच्या खुणा कुणाच्या?

१० मार्च, सोमवार

मला बढती मिळाली. खरंच. मालक म्हणाले, "आजी, तुमच्या हाताला जी चमक आहे ती काठ मापण्यात वाया जातेय." आता माझ्याकडे उडवून झालेली रिकामी काडतुसं. पितळेची. ती पुसून लखलखीत करायची, मग ती पाहुण्यांना भेट म्हणून देतात. काठ मापायला गुंडी बसणार, ट्रे कुलपात, किल्ली मालकांकडे. एवढी काय राखण? त्या बिचाऱ्या काडतुसांना कोण पळवणार.

पाट मात्र मी माझ्या नव्या खुर्चीखाली आणला.

१३ मार्च, गुरुवार

चाचणी झाली. बाळानं थंड शिसं, कडक शिसं सगळं सोडलं. पहिल्या खेपेतली उरलेली काडतुसं काढली, कपाटात पडलेली, फडकं न लागलेली. मी लांबून बघत होते. हातात काही नाही, पुसायला काही नाही, नुसतं बघणं फार वाईट.

बगळा: एकोणीस, वीस, अठरा, एकवीस, एकोणीस.

बाळ: अकरा, दहा, बारा, अकरा, अकरा.

बगळ्यानं स्वतः येऊन बाळाचा हात धरला. "तुमची डळमळत नाही हो," एवढंच म्हणाला. मालकांनी बगळ्यालापण ठेवून घेतलं. ज्यांना रिकामे डबे उडवायला आवडतात त्यांना सुसाट गोळीच हवी असते म्हणे, तिचा छोटा साचा होईल पुढच्या वर्षी. रात्रीच्या जेवणाला बगळा आमच्याकडे आला. स्वयंपाकघरात येताना वाकला, आणि चौकटीवरच्या खुणा बघून म्हणाला, "यात माझीपण काढायची का?" सूनबाईनं पेन्सिल दिली! सगळ्यात उंच खूण आता बगळ्याची.

माझ्या हाताशिवाय जिंकला, हे मला जरा लागलं. पण जिंकला.

१५ मार्च, शनिवार

आज माझ्या जुन्या खोलीत गेले, राहिलेला पेला आणायला. भिंतीवर फळा उघडा होता. म्हटलं, निवांत आहे, राहिलेले नियम वाचून टाकू. पाचवा, सहावा, असे करत गेले. अकरावा होता असा:

'गोळीवरचे मेण पुसू नये. मेण गेल्यास नळीत शिसे चढते व नेम बिघडतो.'

दोनदा वाचला. बोट ठेवून तिसऱ्यांदा.

आता मेण ते मेण, आणि मी पुसलं ते वेगळं. ते बुळबुळीत होतं, मेण काय बुळबुळीत असतं? मेण मी पाहिलंय, मेणबत्तीचं, कोरडं, पांढरं. मी काढली ती यंत्राची घाण. कुणीतरी मेण पुसत असेल तर पुसू दे, माझा त्याच्याशी संबंध नाही.

गुंडीला जेवताना सांगून ठेवलं, "अगं, अकरावा नियम वाचलास का? काडतुसांचं मेण पुसायचं नाही, फार नुकसान होतं. लक्ष ठेव, नवीन माणसं काय वाटेल ते करतात." गुंडीला ठसका लागला. बाळानं तिच्या पाठीवर चापट्या मारल्या आणि माझ्याकडे बघितलंच नाही, पाण्याच्या पेल्यात बघत होता.

फडकं घडी करून माझ्या पेटीच्या तळाशी टाकलंय, लोकरीच्या कपड्यांच्याखाली. तसं काही कारण नाही. पितळेला ते चालत नाही, नवीन घेतलंय.

आणि कॅलेंडर परत त्याच खिळ्यावर लावलं. भिंत फार उघडी दिसत होती.